बंदुकीचा पट्टा कुणी बघतं का?

पोलिसांकडं कोणती रायफल आहे यावर आपण तावातावानं बोलतो. तिच्या पट्ट्याबद्दल मात्र कुणीच बोलत नाही.

पट्टा दोन ठिकाणी अडकतो, पुढं नळीकडं आणि मागं दस्त्याला. थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड, जवळपास ४ किलोची. पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, तेव्हा पट्ट्याचं मुख्य काम होतं लांबच्या कूचमध्ये ओझं खांद्यावर पेलणं.

पुढं लढाई गल्लीबोळात, इमारतींत शिरली. पट्टा खांद्यावरून उतरून गळ्यातून, काखेखालून आडवा आला. टोकं तीच दोन. पण आता रायफल छातीशी राहते, हात मोकळे होतात, कुणी हिसकावली तरी सहज सुटत नाही. काश्मीरमध्ये रायफली पळवल्या जाऊ लागल्या, तेव्हा जवानांनी त्या साखळीनं कमरेला बांधल्या होत्या, आठवतंय ना?

२००८ च्या २६ नोव्हेंबरला सीएसटीवर एके-४७ समोर काही जवानांकडं थ्री नॉट थ्रीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला थेट २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

नवी रायफल आली की फोटो छापून येतो. पण पट्टा सैल असला तर ती गुडघ्यावर आपटते, आखूड असला तर खांद्याला लागत नाही. माप बुलेटप्रूफ जॅकेट घालूनच घ्यावं लागतं. प्रत्येक शिपायाच्या अंगावर तो बसवून सराव करून घेतला का, हा प्रश्नही खरेदीच्या आकड्यांइतकाच विचारायला हवा.