अरणगावच्या टेकडीवर रंग ओले आहेत

टांग्याची दांडी घट्ट धरा. साल आहे 1938, पावसाळा नुकताच सरलाय. नगर स्टेशनाबाहेर इंजिनाचा धूर नाकात जातोय, घोड्यांच्या लिदीचा वास येतोय आणि कुणाच्या तरी पत्र्याच्या ट्रंकेचा कोपरा तुमच्या ढोपराला लागलाय. टांगा दौंडच्या रस्त्याला लागतो तसा गलका मागे पडतो. दोन्ही अंगांना काळी रानं, तरारलेली ज्वारी, बाभळी, मेंढरं. धुरळा दातांखाली करकरतो.

अरणगाव आलं, उतरा. रेल्वेचे रूळ ओलांडा आणि टेकडी चढा. वहाणेत खडे शिरतात, मान तापते. वरती जुन्या लष्करी छावणीची पाण्याची टाकी अजून उभी आहे, पण सैन्य केव्हाच गेलं. आता इथे आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांच्या शिष्या राहतात. इराणी घरांतल्या, इंग्लंड-अमेरिकेतल्या, स्वित्झर्लंडमधल्याही. बाबा 1925 पासून मौनात आहेत. अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलतात. पाटी वाचायला डोळे मात्र चपळ हवेत!

त्या बुटक्या दगडी खोलीकडे या. घुमट यंदाच चढलाय. दारात वाका. आत गिलाव्याचा दमट गारवा, ओल्या रंगाचा वास, वर मान करून काम करणारी एक बाई. भिंतीला टेकू नका, सदऱ्यावर रंग लागेल! ही हेलन डाम, स्विस चित्रकार, वय साठ. म्युनिकमध्ये शिकली, कांदिन्स्कीच्या पिढीचे भडक, मोकळे रंग तिने तिथे जवळून पाहिले. मग झुरिचजवळच्या ओटविल गावात वर्षानुवर्षं राहिली. या वयात माणसं अंगण सोडत नाहीत. ही थेट आपल्या माळावर आली. घाम गळ्यावरून ओघळतोय, माश्या घोंघावतायत, खालून मालगाडी धडधडत जाते. तिचा कुंचला थांबत नाही. भिंतींवर माणसांमागून माणसं उभी राहतायत. मला यातलं धाडस फार मोठं वाटतं: कलादालन नाही, गिऱ्हाईक नाही, समीक्षक नाही, आणि तरी हात पूर्ण ताकदीने चाललेला.

आता जागेवरून हलू नका, वर्षंच पुढे सरकू द्या. 1939 मध्ये आजारपणाने ती मायदेशी परतली. खरी कीर्ती त्यानंतरची. 1954 मध्ये झुरिच शहराचा कलापुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. म्हातारपणी अमूर्ताकडे वळली आणि 1968 मध्ये नव्वदीत गेली. पुढच्याच वर्षी बाबांचा देह याच खोलीत विसावला.

आता 31 जानेवारी आहे, अमरतिथी, म्हणजे बाबांची पुण्यतिथी. देशोदेशीच्या माणसांची रांग तुम्हाला पुढे ढकलतेय, फुलांचा वास दाटलाय, कुणी हिंदीत गातंय, कुणी तेलुगूत. उंबऱ्याशी पोचलात की डोकं टेकवाच. पण उठताना भिंतींकडेही नीट बघा. नगरला पाहुणे आले की आपण त्यांना किल्ला आणि चांदबिबीचा महाल दाखवतो. पुढच्या वेळी त्यांना या टेकडीवरही आणा आणि हेलनचं नाव घेऊन ही चित्रं दाखवा.