फोटोवरचा हात

खांडवा–भुसावळ रेल्वेमार्गावर, नेपानगरच्या शेजारी, चांदनी नावाचं एक लहान स्टेशन आहे. जिल्हा बुऱ्हाणपूर, राज्य मध्य प्रदेश. पण थोडं पुढे गेलं की रावेर, म्हणजे खानदेशच. या पट्ट्यातल्या मराठी घरांतली मुलं आता पुण्या-बंगळुरूला असतात, काही त्याहून लांब. अशा एखाद्या घरात जेवणं उरकली की आई मुलाचा फोटो पुढ्यात घेते, हवेत बोटानं एक चिन्ह काढते, त्याचं नाव तीनदा घेते आणि दोन्ही हात फोटोवर धरून पंधरा-वीस मिनिटं स्वस्थ बसते. याला ‘डिस्टन्स रेकी’, म्हणजे दुरून उपचार, म्हणतात. कुठली विद्या म्हणून विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: जपानी, हजारो वर्षं जुनी.

हजारो वर्षांचं सोडून द्या. मिकाओ उसुई या माणसानं 1922 मध्ये, क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर एकवीस दिवसांचा उपास केल्यानंतर, ही पद्धत शिकवायला सुरुवात केली. म्हणजे टिळक वारल्यानंतर. पुढच्याच वर्षी तोक्योला प्रचंड भूकंप झाला, तेव्हा उसुईंनी जखमींवर हात ठेवून उपचार केले असं त्यांच्या स्मारकशिलेवर कोरलेलं आहे. मार्च 1926 मध्ये ते वारले. त्यांच्या मागे त्यांची संस्था चालवणाऱ्यांत नौदलाचे अधिकारी बरेच होते. मठ, भिक्षू, गुप्त पोथ्या हा सगळा साज नंतर चढला.

आणि दुरून उपचार? त्याचं मूळ शोधताना गंमत येते, कारण वाट उलटी आपल्याकडेच वळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मनाच्या बळावर रोग बरे करणाऱ्या पंथांचं पीक आलं होतं. रुग्ण समोर नसतानाही उपचार करता येतो, हे तिथे रूढ झालं होतं. टपालानं पैसे यायचे आणि उपचार वाऱ्यावरून जायचा. याच वातावरणात स्वामी विवेकानंदांचं ‘राजयोग’ 1896 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातल्या प्राणावरच्या प्रकरणात, प्राण दूरवरही पोचवता येतो, कारण मधे खंड असा नसतोच, असा विचार आहे. तो शिकागोच्या विल्यम वॉकर ॲटकिन्सन या वकिलानं उचलला की आणखी कुठून घेतला, सांगणं अवघड. पण 1903 पासून त्यानं ‘योगी रामचरक’ या नावानं प्राणविद्येवर पुस्तकांचा सपाटा लावला. योगी कुणी नव्हताच. 1906 च्या पुस्तकात हातातून प्राण सोडून रोग बरा करण्याची रीत आहे आणि दूरच्या रोग्यावर उपचार कसा करावा हेही आहे. ही पुस्तकं जपानीत गेली आणि तिथल्या ‘मानसिक चिकित्सा’ करणाऱ्यांच्या गर्दीत खपली. उसुई त्याच गर्दीतले. त्यांनी नेमकं काय वाचलं हे कुणी दाखवून देऊ शकत नाही, पण दूरचा उपचार त्यांच्या परंपरेत आला तेव्हा हवेत आधीच होता.

पुढची पायरी हवाईची. हवायो ताकाता, ऊस तोडणाऱ्या जपानी मजुरांची मुलगी, 1930 च्या दशकात तोक्योला उपचारासाठी गेली आणि नौदलातले डॉक्टर चुजिरो हायाशी यांच्याकडून ही विद्या शिकून परतली. महायुद्धानंतरच्या अमेरिकेत जपानी विद्या विकायची म्हणजे पाश्चात्त्य कपडे चढवणं आलंच. म्हणून ताकाताबाईंच्या कथेत उसुई ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले आणि शिकागो विद्यापीठात शिकून आले. विद्यापीठाच्या दप्तरात त्यांचा पत्ता नाही. शिकागो मात्र कथेत दुसऱ्यांदा आलं, हे मला फार आवडतं. दुरून पाठवायची चिन्हं ही बाई दुसऱ्या पदवीला शिकवायची. गुरुपदाची फी तब्बल दहा हजार डॉलर.

भारतात रेकी 1989 मध्ये पॉला होरान या अमेरिकन बाईंनी आणली असं सर्वसाधारणपणे धरलं जातं. पुढे पुण्या-मुंबईच्या हॉलांमध्ये शनिवार-रविवारचे वर्ग भरू लागले. वर्गांच्या चौकटीतल्या जाहिराती ज्या दैनिकांत आल्या, त्यांतल्या एखाद्याचा कागद चांदनीशेजारच्या नेपानगरच्या कागद कारखान्यातलाही असेल. त्याच 1989 साली नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. एकच साल, दोन वेगळ्या दिशा.

मराठी घरांना ही विद्या इतक्या सहज का रुचली? आपल्याकडे दूरच्या आजाऱ्यासाठी काहीतरी करायचं, ही ओढ जुनीच. पण तिला वाहक लागायचा. साईसच्चरितातली जामनेरची गोष्ट खानदेशात सगळ्यांना पाठ आहे: नानासाहेब चांदोरकरांची मुलगी बाळंतवेणांत अडलेली, आणि शिर्डीहून उदी घेऊन निघालेला गोसावी जळगावला उतरतो तेव्हा खिशात दोन आणे, पुढे टांगा कुठून मिळायचा ही चिंता. चमत्कारालाही रेल्वेचं भाडं पडत होतं. नजर काढायची तर माणूस पुढ्यात हवा, नसला तर निदान त्याचा सदरा. रेकीनं हे सगळं उडवलं. ना उदी, ना टांगा, ना सदरा. फोटो पुरतो, आणि ज्याच्यासाठी पाठवता त्यानं काहीच करायचं नसतं.

हे लागू पडतं का, याचं उत्तर कडवट आहे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत सर्वांगदुखीच्या शंभर रुग्णांवर रेकी झाली, काहींना हात लावून, काहींना थोडं लांब बसून. खऱ्या आणि खोट्या उपचारकांत फरक निघाला नाही. त्याआधी 2006 मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या अठराशेहून अधिक रुग्णांवर दूरच्या प्रार्थनेचा प्रयोग झाला. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना नक्की कळवलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच दिसली. मुलाला न सांगता पाठवा, असं एखाद्या रेकीवाल्या काकूंनी सुचवलं तर मी त्यांना विरोध करणार नाही. मुलाचा ताप मात्र डॉक्टरनंच बघावा. असाध्य रोग बरा करतो म्हणून मंत्रतंत्राची जाहिरात करणाऱ्यांसाठी 1954 चा केंद्रीय कायदा आहे, तो चांदनीलाही लागू आहे. घरात फुकट हात धरून बसणाऱ्या आईशी त्याचं काही भांडण नाही.

ताकाताबाईंचा एक नियम कडक होता: दीक्षा समोरासमोरच, लिहून काही द्यायचं नाही. आता मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून दोन्ही पदव्या एका दुपारी मिळतात, प्रमाणपत्र व्हॉट्सॲपवर येतं. उपचार दुरून जात होता, आता गुरूही दुरूनच येतो, आणि फी मात्र अजून आगाऊच भरावी लागते.