भातातील मीठ आणि घराचा उंबरठा

गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली एक जाहीरनामा काढला. ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीयांनी पूर्वजांच्या कोणकोणत्या चाली सोडाव्यात, याची ती लांबलचक यादी होय. पुरुषांनी पुडवे नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये, घरी तुळस लावू नये व असेल ती उपटून टाकावी, अशा पुष्कळ आज्ञा तीत आहेत. परंतु वकिलीचा धंदा करणाऱ्या माणसाची नजर एका वेगळ्याच कलमावर खिळते. हिंदूंप्रमाणे भात अळणी शिजवून मीठ मागाहून घालण्याची रीत पाळू नये, असे ते कलम सांगते.

तुळस अंगणातून दिसते, पुडवे रस्त्यावरून दिसते. भातात मीठ केव्हा पडले हे मात्र चुलीजवळ उभे राहिल्याशिवाय कोणास कळणार? तेव्हा असे कलम अमलात यावयाचे, तर घरच्या गड्याने, शेजाऱ्याने किंवा भांडून वेगळ्या झालेल्या भावाने ते जाऊन सांगितले पाहिजे. हे न्यायासन १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे वगळता, गोव्यात नांदले. प्रा. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याचा इतिहास सांगितला आहे. धर्माच्या बाजूने त्याचा विचार पुष्कळ झाला. मला येथे एवढेच पाहावयाचे आहे की, राजसत्तेने उंबरठ्याच्या आत कोठवर यावे, या प्रश्नाला आपल्याकडे कायद्याने कसकसे उत्तर दिले.

ही कल्पना परक्यांकडून आली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो पुरता खरा नाही. कौटिल्याने घरबांधणीच्या नियमांत, दुसऱ्यास उपद्रव होईल असे दार वा खिडकी ठेवणाऱ्यास दंड सांगितला आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या अठराव्या कलमाखाली एक उदाहरण आहे, ते असे : एखाद्या गावची वहिवाट असेल तर शेजाऱ्याच्या घरातील, एरवी लोकांच्या नजरेआड असलेला भाग दिसेल अशी नवी खिडकी कोणास पाडता येत नाही. मुंबई हायकोर्टाने गुजरातेपुरती ही वहिवाट त्याआधीच मानली होती. अलाहाबाद हायकोर्टाने १८८८ साली गोकलप्रसाद विरुद्ध राधो या दाव्यात ती उत्तरेकडेही मान्य केली. ज्या लेखापासून अमेरिकेत या विषयाचा आरंभ धरतात तो वॉरन व ब्रँडाइस यांचा लेख १८९० चा, म्हणजे या निकालानंतर दोन वर्षांचा. अर्थात याचा फार अभिमान बाळगण्याचे कारण नाही. हा हक्क पडद्याचा होता, भिंतीला चिकटलेला होता; आणि तो शेजाऱ्याविरुद्ध होता, सरकारविरुद्ध नव्हता.

सरकारविरुद्धचा प्रश्न स्वतंत्र भारतात लवकरच उभा राहिला. १९५४ साली शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींनी, घटनेत खाजगीपणाचा निराळा हक्क सांगितलेला नाही, असे म्हटले. मग आले खरकसिंगाचे प्रकरण. उत्तर प्रदेशातील हा इसम १९४१ साली एका दरोड्याच्या आरोपात सापडला व पुराव्याअभावी सुटला. तथापि पोलिसांनी त्याच्या नावाने टाचण उघडलेच. मध्यरात्री शिपाई नि चौकीदार येत, दार ठोठावत, ओरडून त्यास जागे करीत. निकाल लागला १८ डिसेंबर १९६२ रोजी. गोवा मुक्तीला वर्ष पुरे होण्याच्या आदल्या दिवशी. रात्रीच्या या भेटी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविल्या. माणसाचे घर हा त्याचा किल्ला, या इंग्रजी कायद्यातील तत्त्वाचा आधारही घेतला. पण त्याच निकालात बहुमताने पुढे लिहिले की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क नव्हे, सबब इतर पाळत चालू राहण्यास हरकत नाही. दार बंद राहील. पण बाहेर निघालेल्या माणसामागे शिपाई खुशाल फिरेल! न्या. सुब्बा राव व न्या. शाह यांना ही विसंगती मान्य झाली नाही. पाळतीखाली वावरणारा माणूस मोकळा कसा म्हणावा, हा सुब्बा रावांच्या विरोधी निकालपत्राचा सूर होता.

ते निकालपत्र पंचावन्न वर्षे थांबले. आधार योजनेविरुद्ध २०१२ साली कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी, वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, न्यायालयात गेले. असा हक्कच नाही, असे सरकारने १९५४ व १९६२ च्या निकालांवर बोट ठेवून सांगितले. म्हणून नऊ न्यायमूर्ती बसले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी एकमुखाने हा हक्क मूलभूत ठरविला. नागपूरच्या न्या. शरद बोबडे यांनी गृह्यसूत्रांचा व अर्थशास्त्राचा दाखला दिला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी तर, आणीबाणीतील १९७६ च्या ज्या निकालात त्यांचे वडील बहुमतात होते, तो निकालही त्याच ओघात रद्द ठरविला. पुढच्या वर्षी आधार योजना मात्र काटछाट होऊन टिकली.

येथे गोमंतकीयास एक योगायोग जाणवल्यावाचून राहत नाही. गोव्यात १९६१ पर्यंत कोणतेही नागरिकस्वातंत्र्य न मानणाऱ्या पोर्तुगालने, १९७४ च्या क्रांतीनंतर १९७६ मध्ये नवी घटना केली. संगणकाचा धोका ओळखणाऱ्या पहिल्या घटनांपैकी ती एक. तिच्या पस्तिसाव्या कलमात, नागरिकांना एकच राष्ट्रीय क्रमांक देऊ नये, असे स्पष्ट लिहिले आहे. ज्यांनी हुकूमशाही सोसली, त्यांना एका क्रमांकात काय साठू शकते हे चांगले कळले होते.

आपला कायदा २०२३ साली झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती घेताना द्यावयाची सूचना आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत मागता येते; म्हणजे मराठीत आणि कोंकणीतही. हे चांगले आहे. परंतु राज्याच्या सुरक्षेसारख्या कारणांसाठी सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेस वगळू शकते. खरकसिंगाचे गाऱ्हाणे सरकारविरुद्धच होते, हे येथे आठवते. धर्मश्रद्धेविषयीच्या माहितीस आधीच्या मसुद्यांत विशेष संरक्षण होते. अंतिम कायद्यात ते उरले नाही.

हे कोरडे वाटेल. गेल्या वर्षी माझ्याकडे एक गृहस्थ आले. मुलीच्या आजारासाठी त्यांनी एका देवस्थानात अभिषेक बोलला होता. आपल्याकडे गाऱ्हाणे चारचौघांच्या देखत घातले जाते. नाव, गोत्र, दुखणे, सारे मोठ्याने. ऐकणारे ऐकतात नि ते तेथेच राहते. या खेपेस कचेरीतील कोणी कारण व फोन नंबरासह ती यादी संगणकावर उतरली, आणि प्रसाद नेण्याच्या सोयीसाठी सर्वांना व्हॉट्सॲपवर पाठविली. मुलीला सोयरीक सांगून आलेल्या घरीही ती पोचली. पुढे बोलणे थांबले.

मी त्यांना कायदा सांगितला. कागदाची वही त्यात येत नाही, संगणकावरची यादी येते. मात्र मुख्य कर्तव्ये नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची होती. दंड झालाच असता, तर तो सरकारी तिजोरीत जाता. मुलीला त्यातून काही मिळत नाही.

"देवाच्या दारात दावा नकोच, वकीलबाब," ते म्हणाले, "ती यादी तेवढी पुसून घ्या."

मी समितीला पत्र लिहिले. त्यांनी आठ दिवसांत आपल्याकडची यादी पुसली व तसे नम्रपणे कळविले. ती आणखी किती जणांच्या फोनात राहिली, हे त्यांनाही सांगता आले नाही.