जखडण्यापासून भुलीपर्यंत

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथरची भूल सर्वांसमक्ष देऊन दाखवली आणि पुढच्याच वर्षी जनावरांवरही तिचे प्रयोग सुरू झाले. म्हणजे जनावरांच्या वैद्यकाला भुलीची वाट पाहावी लागली नाही. तरीही घोड्याचे पाय दोरखंडाने आवळून त्याला पाडायचं, वरच्या ओठाला दोरीचा पीळ द्यायचा आणि माणसांनी दाबून धरून काम उरकायचं, ही रीत कित्येक दशकं चालली. ब्रिटनमध्ये ठरावीक शस्त्रक्रियांसाठी भूल सक्तीची व्हायला १९१९ साल उजाडलं. औषध हाताशी होतं. अडलं ते एका समजुतीपाशी: जनावर हललं नाही की काम भागलं.

या समजुतीचा सर्वांत विदारक पुरावा विसाव्या शतकातला आहे. १९५०नंतर घोड्यांच्या खच्चीकरणासाठी सक्सिनिलकोलिन वापरलं जाऊ लागलं. ते शिरेतून दिलं की घोडा पाहता पाहता कोसळतो, त्याचे सगळे स्नायू लुळे पडतात, श्वासही थांबू शकतो. पण ते मेंदूला गुंगी आणत नाही आणि वेदना तसूभरही कमी करत नाही. घोडा पूर्ण शुद्धीत असतो, त्याला चिरा जाणवतो, फक्त पाय झाडता येत नाही. दोरखंडाची जागा सुईने घेतली, एवढंच झालं.

यावर आक्षेप असा की पाचशे किलोच्या घोड्याला गाढ भूल देणं त्याच्याच जिवावर बेतू शकतं. हे खरंच आहे. आडव्या पडलेल्या घोड्याचे स्नायू स्वतःच्या वजनाखाली चेंगरतात, फुप्फुसं दबतात. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत पोटशूळाचे रुग्ण वगळूनही शंभरात सुमारे एक घोडा दगावल्याचं दिसलं. पण गाढ भूल हा काही एकच मार्ग नव्हता. १८८४मध्ये कार्ल कोलरने डोळा बधिर करायला कोकेन वापरलं, तेव्हापासून नेमका भाग बधिर करण्याची वाट मोकळी होती.

१९६२मध्ये जर्मनीत बायर कंपनीत माणसांचा रक्तदाब उतरवण्यासाठी झायलाझिन तयार झालं. माणसांना त्याची गुंगी फार येई, म्हणून ते जनावरांकडे वळलं. मेंदू आणि मज्जारज्जूत नॉरॲड्रेनलिनचा स्राव रोखून ते गुंगी आणतं आणि वेदनाही शमवतं. मात्र मात्रा जातीगणिक बदलते: गाईला घोड्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाने भागतं, अँडीज पर्वतातल्या लामा या जनावराला गाईपेक्षा जास्त लागतं. लामासाठी ते केटामिन आणि ब्युटॉरफॅनॉल या औषधांबरोबर एकाच सिरिंजमध्ये घेऊन स्नायूत टोचतात. लामाच्या तीन कप्प्यांच्या पोटातलं पाणी घशात चढू शकतं, म्हणून नाकपुड्या घशापेक्षा खाली राहतील असं डोकं ठेवतात. खच्चीकरणाच्या वेळी वृषणातही बधिर करणारं लिडोकेन टोचतात, कारण स्तब्ध पडलेल्या लामाला चिरा जाणवत नसेल असं धरून चालत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की लामा कण्हत नाही, मग त्याला फारसं दुखत नसावं. पण शिकारी प्राण्यांच्या धाकात वाढलेल्या कळपात दुखणं लपवणारंच जनावर टिकतं. त्या तीन औषधांच्या सुईची गुंगी साधारण अर्ध्या तासात उतरते, जखम मात्र पुढचे काही दिवस ठणकत राहते. म्हणून लामा उठून चरायला लागला तरी त्याला मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक द्यायचं असतं.