मुद्देमालाचा प्रवास: एक प्रस्तावना

सोलापूरच्या वाचकाला खुनाच्या खटल्याचे गांभीर्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मे १९३० मध्ये या शहराने आंदोलन पाहिले, पाठोपाठ मार्शल लॉ पाहिला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. त्या काळच्या न्यायालयापुढे प्रामुख्याने माणसांच्या तोंडची साक्ष असे. गर्दीत कोणी कोणाला पाहिले, कोणी कोणाला ओळखले, साक्षीदार खरा की पढवलेला, यावर आरोपीचा जीव टांगलेला असे.

आज त्या साक्षीच्या जोडीला दोन नवे साक्षीदार आले आहेत. एक आपल्या खिशातला मोबाईल आणि दुसरा आपल्या शरीरातली पेशी. दोघेही पढवता येत नाहीत, फितूर होत नाहीत, असे आपण मोठ्या विश्वासाने म्हणतो. गाजलेल्या खुनाच्या बातम्यांत ‘डीएनए जुळला’, ‘लोकेशन सापडले’ हे शब्द आले की चर्चा तिथेच संपते. पुढील पानांत या विषयाची ओळख करून द्यायची आहे ती त्याच जागेपासून. वाचकांनी विज्ञानाची किंवा कायद्याची पदवी घेतलेली असावी अशी अपेक्षा नाही. थोडा वेळ आणि तारखांकडे लक्ष, एवढे पुरेसे आहे.

सुरुवात महाराष्ट्रातल्या एका खटल्याने करू. नवी मुंबई पोलीस दलातील सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे ११ एप्रिल २०१६ पासून बेपत्ता झाल्या. या प्रकरणात पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याला अटक झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये. मधल्या काळात, जानेवारी २०१७ मध्ये, त्याला राष्ट्रपती पोलीस पदकही जाहीर झाले होते. मृतदेहाचे तुकडे करून ते वसईच्या खाडीत टाकले, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. खाडीत बराच शोध घेऊनही काहीही हाती लागले नाही. शरीरच नाही, मग डीएनए जुळवायचा कशाशी? तरीही पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये कुरुंदकरला खुनासाठी दोषी धरून जन्मठेप दिली, आणि पुरावा नष्ट करण्यात साथ देणाऱ्या दोघांनाही शिक्षा सुनावली. एका आरोपीची मात्र निर्दोष सुटका झाली.

मृतदेहाशिवाय हा खटला उभा राहिला यात मोबाईलच्या नोंदी, ठिकाणांची माहिती आणि संगणकातला मजकूर यांचा मोठा वाटा आहे. बेपत्ता झाल्यानंतरही अश्विनी यांच्या फोनवरून संदेश गेले होते. त्या जिवंत आहेत असे घरच्यांना वाटावे यासाठी ते पाठवले गेले, असा आरोप होता. जो फोन दिशाभूल करण्यासाठी वापरला, त्याच फोनची नोंद तपासाच्या कामी येते. आणखी एका गोष्टीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. त्या काळी मोबाईल कंपन्यांवर कॉलच्या नोंदी किमान एक वर्ष जपण्याचे बंधन होते. डिसेंबर २०२१ मध्ये ते दोन वर्षांचे झाले. घटना आणि अटक यांच्यात वीस महिने गेले. अशा प्रकरणात नातेवाईक स्वस्थ बसले, किंवा तपास अधिकाऱ्याने नोंदी वेळेत मागवल्या नाहीत, तर पुरावा कोणी नष्ट न करताही नाहीसा होतो. कुटुंबीयांनी वर्षानुवर्षे या प्रकरणाचा पाठपुरावा केला. त्या चिकाटीचे मोल मला कोणत्याही यंत्राहून कमी वाटत नाही.

‘लोकेशन’ म्हणजे नेमके काय, हे इथेच स्पष्ट करायला हवे. सीडीआरमध्ये, म्हणजे कॉलच्या नोंदींत, दिसतो तो फोनने पकडलेला टॉवर. नवी पेठेसारख्या दाट वस्तीत एका टॉवरचा आवाका काहीशे मीटरचा असू शकतो. मंगळवेढ्याच्या माळावर तोच काही किलोमीटरवर जातो. अक्कलकोट तालुक्याच्या सीमेवर उभ्या माणसाचा फोन कर्नाटकातला टॉवरही पकडू शकतो. त्यामुळे सीडीआरवरून ‘आरोपी या परिसरात होता’ इतकेच म्हणता येते, ‘या खोलीत होता’ असे म्हणता येत नाही. जीपीएसची नोंद त्याहून बरीच नेमकी असते, पण ती फोनमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हरवर जपलेली असावी लागते. बातमीत दोन्हींना ‘लोकेशन’च म्हणतात. तुम्ही निकाल वाचाल तेव्हा त्यांतले कोणते आहे, हे आधी बघा.

सीसीटीव्हीचेही तसेच. दुकानातला डीव्हीआर जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहीत असतो, आणि त्याचे घड्याळ अनेकदा मागे किंवा पुढे असते. जाणता अधिकारी पंचनाम्यात डीव्हीआरवर दिसणारी वेळ आणि प्रत्यक्ष वेळ या दोन्ही शेजारी शेजारी लिहून घेतो. ती एक ओळ राहिली तर पुढे उलटतपासणीत बचावाचा वकील नेमका तिथेच बोट ठेवतो. जप्त केलेल्या डिस्कची प्रत काढताना तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे आतल्या मजकुरावरून गणिताने निघणारी खूण, काढतात. एसएचए-२५६ पद्धतीने ती चौसष्ट अक्षर-अंकांची येते, आणि मूळ फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी पूर्ण वेगळी येते. जप्तीच्या दिवशीची हॅश आणि प्रयोगशाळेतली हॅश सारखी आली, तर मधल्या काळात त्या प्रतीत कोणी ढवळाढवळ केली नाही, असे ठामपणे सांगता येते.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा आजचा नियम ज्या निकालाने पक्का केला, तो जालन्याचा आहे, याचा मराठी वाचकाला अभिमान वाटावा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर, म्हणजे दुपारी तीननंतर भरला गेला का, असा वाद होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण त्याचे उत्तर देणार होते. त्या चित्रणाबरोबर कायद्याने मागितलेले प्रमाणपत्र द्यायला संबंधित अधिकारी तयार नव्हते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरण न्यायालयात आणता येत नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. समोरचा ते देत नसेल तर न्यायालयाकडून आदेश मिळवावा. आणि सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही, तर अशक्य गोष्टीचा आग्रह कायदा धरत नाही. एका मतदारसंघाच्या भांडणातून निघालेला हा नियम आज देशातल्या खुनाच्या खटल्यांनाही लागू आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते प्रमाणपत्र दोन भागांत द्यावे लागते, आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते.

आता डीएनएकडे वळू. १९८४ साली इंग्लंडमधल्या लेस्टर येथे अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत सापडली. ज्या खून प्रकरणात ती पहिल्यांदा वापरली, तिथे तिने आधी एका निरपराध तरुणाला सोडवले आणि नंतर खऱ्या गुन्हेगाराला पकडून दिले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत लालजी सिंह यांनी हे तंत्र रुजवले. २०२२ मध्ये वसईच्या श्रद्धा वालकर हिच्या दिल्लीतील खुनाच्या तपासात जंगलातून मिळालेल्या हाडांची ओळख पटली, ती वडिलांच्या नमुन्याशी जुळवून. केस आणि हाडे यांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएची तपासणीही तिथे झाली. पेशीच्या केंद्रातला डीएनए नष्ट झाला असला तरी हा दुसरा डीएनए बऱ्याचदा टिकून राहतो, म्हणून जुन्या हाडांसाठी त्याचा आधार घेतात.

‘जुळला’ या शब्दापाशी जरा थांबावे लागेल. समजा, घटनास्थळी मिळालेला डाग अपुरा आहे, त्यातून अर्धवट डीएनए प्रोफाइल निघाली, आणि अहवाल म्हणतो की अशी प्रोफाइल दहा लाखांत एकाची असते. ऐकणाऱ्याला वाटते, आरोपी निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक. हे गणित चुकीचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या त्रेचाळीस लाखांहून अधिक आहे. म्हणजे एकट्या या जिल्ह्यात अशी प्रोफाइल असलेली सुमारे चार माणसे निघू शकतात. त्यांतला हाच तो, हे सांगायला दुसरा पुरावा लागतो. संपूर्ण प्रोफाइल मिळाली तर आकडा कितीतरी दुर्मीळ होतो आणि ही अडचण जवळपास उरत नाही. एकसारख्या जुळ्या भावंडांचा अपवाद तेवढा राहतो. म्हणून अहवाल वाचताना डीएनएवरची किती ठिकाणे तपासली आणि किती ठिकाणी निकाल मिळाला, तो आकडा आधी शोधावा.

प्रोफाइल अगदी निर्दोष जुळली तरी एक प्रश्न उरतोच: डीएनए तिथे पोहोचला कसा? २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात एका श्रीमंत गृहस्थाचा खून झाला आणि त्याच्या नखांवर एका बेघर माणसाचा डीएनए सापडला. तो माणूस काही महिने तुरुंगात राहिला. मग कळले की खुनाच्या रात्री तो दारूच्या नशेत रुग्णालयात दाखल होता. त्याला उचलून नेणारे रुग्णवाहिकेचे कर्मचारीच काही तासांनी खुनाच्या जागी गेले होते. प्रयोगशाळेची यात काही चूक नव्हती. डीएनए त्याचाच होता, फक्त तो तिथे गेला नव्हता.

आपल्या भागात याला हवामानाचीही जोड आहे. रक्ताने भिजलेला कपडा ओला असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला, तर दमटपणात जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि डीएनए तुटतो. सोलापूरचा मे महिना ज्याने अनुभवला आहे, त्याला बंद गाडीत ठेवलेल्या अशा पिशवीचे काय होत असेल हे सांगायला नको. कपडा सावलीत वाळवायचा, कागदी पाकिटात ठेवायचा, पंचांच्या सह्यांचे लेबल लावून लाखेचे सील करायचे, हे काम दिसायला साधे आहे. ते करणारा हवालदार किंवा मुद्देमाल कारकून कोणत्याही बातमीत दिसत नाही. माझ्या मते या सगळ्या शास्त्राचा खरा भार त्याच्या खांद्यावर आहे.

न्यायालयेही वारंवार हेच बजावत आली आहेत. मे २०२३ मध्ये ‘प्रकाश निषाद विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या ठाणे जिल्ह्यातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला सोडले. डीएनए अहवाल त्याच्या विरोधात होता, पण नमुने पाठवायला झालेल्या विलंबाचे समाधानकारक स्पष्टीकरण नव्हते. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने देशभरासाठी सूचना दिल्या, आणि नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंदवही शेवटपर्यंत ठेवायला सांगितले.

हा सगळा पुरावा शेवटी परिस्थितीजन्य पुराव्याच्या कसोटीवर उतरावा लागतो. ती कसोटीही महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून आली. ‘शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९८४ च्या निकालाने घालून दिलेल्या पाच अटींना न्यायालयाने स्वतःच पंचशील म्हटले. प्रत्येक दुवा सिद्ध झालेला हवा आणि सगळे दुवे मिळून आरोपीच्या दोषाकडेच बोट दाखवणारे हवेत, दुसरा कोणताही तर्क शिल्लक राहता कामा नये. सीडीआर आणि डीएनए हे त्यातले दुवे आहेत, पूर्ण साखळी नव्हे.

नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञ जाणे बंधनकारक करायचे ठरवले आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही करायचे आहे. कालिन्याची मुख्य प्रयोगशाळा, नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर, नांदेड येथील प्रादेशिक प्रयोगशाळा आणि सोलापुरातली प्रयोगशाळा यांच्यावरचे काम त्यामुळे वाढणार आहे. या कामाला हुशार मुले-मुली हव्यात. रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा संगणक शिकणाऱ्या सोलापूरच्या विद्यार्थ्यांनी या दाराकडे एकदा तरी पाहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वाचायला कसे बसावे, तेवढे सांगतो. सर्वोच्च न्यायालयाचे बरेच निकाल आता मराठी अनुवादातही मिळतात. जालन्याचा निकाल घेऊन सुरुवात केली तरी चालेल. खुनाचा निकाल हाती आला की अहवालाच्या शेवटच्या ओळीवर उडी मारू नका. आधी पंचनामा काय म्हणतो ते बघा. एका कोऱ्या कागदावर प्रत्येक वस्तूसमोर चार तारखा मांडा: जप्त कधी झाली, पोलीस ठाण्यातून कधी निघाली, प्रयोगशाळेत कधी पोहोचली, अहवाल कधी आला. शेजारी ती कोणाच्या ताब्यात होती त्याचे पद लिहा, आणि सील शाबूत असल्याची नोंद प्रयोगशाळेने केली आहे का, तेही. ज्या दोन तारखांमध्ये मोठे अंतर दिसेल, किंवा ज्या रकान्यात लिहायला काहीच सापडणार नाही, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि निकालात न्यायाधीशांनी त्याविषयी काय म्हटले आहे ते शोधायला लागा.