'पौर्वात्य' म्हणजे कोणाच्या पूर्वेचे?

पदव्युत्तर वर्गात साहित्यशास्त्र शिकविताना 'पौर्वात्य' आणि 'पाश्चात्त्य' ही जोडी आम्ही वर्षानुवर्षे उच्चारीत आलो आहोत. यांतील पहिला शब्द व्याकरणाला धरून नाही. पाणिनीच्या नियमाने 'दाक्षिणात्य', 'पाश्चात्त्य' आणि 'पौरस्त्य' ही रूपे सिद्ध होतात. 'पौर्वात्य' हे 'पाश्चात्त्य'च्या साच्यातून काढलेले रूप. पश्चिमेला जोडीदार हवा म्हणून जन्मलेले.

'प्राच्य' हा शब्द मात्र पुरातन. शतपथ ब्राह्मणात प्राच्यांचा उल्लेख येतो तो गोल स्मशाने बांधणारे आसुर लोक म्हणून, म्हणजे काहीशा तुच्छतेनेच. ग्रीकांनी मगधाकडील लोकांना 'प्रासी' म्हटले, तेही याच शब्दावरून. पुढे अवध-बिहारकडील शिपाई मराठीत 'पुरभय्ये' झाले. तोवर पूर्व ही देशातल्या देशातली दिशा होती, आणि पूर्वेचा माणूस म्हणजे दुसरा कोणीतरी.

इंग्रजी अमलात बोलणाऱ्याची जागा बदलली. १८३५ च्या शिक्षणविषयक वादात संस्कृत, अरबी, फारसी या साऱ्या विद्या 'ओरिएंटल' या एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या. लंडनहून पाहता ते स्वाभाविकच. पण आम्हीही स्वतःकडे तिथूनच पाहू लागलो. ६ जुलै १९१७ रोजी, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांच्या नावे प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. १९१९ मध्ये तिथेच पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली. पुण्याची विद्या पुण्यातच 'पूर्वेकडची' ठरली!

वर्ध्याहून खरी पूर्व कोणती? १९३३ मध्ये निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू गांधीजींना भेटले ते वर्ध्यातच. त्यांच्या पंथाचा जपानी मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला. गीताई मंदिराशेजारी विश्वशांती स्तूप उभा आहे. त्याला 'पौर्वात्य' म्हटलेले आमच्या ऐकण्यात नाही.

अमेरिकेने २०१६ मध्ये 'ओरिएंटल' हा शब्द संघराज्याच्या कायद्यांतून काढला. ऑक्सफर्डने २०२२ मध्ये आपल्या विद्याशाखेचे आणि शिकागोने २०२३ मध्ये आपल्या संस्थेचे नाव बदलले. पुण्याच्या संस्थेचे नाव बदलावे असे आम्ही म्हणणार नाही. त्या नावात तिचा काळ आहे. अभ्यासपत्रिकेची गोष्ट वेगळी. 'पौर्वात्य साहित्यशास्त्र' म्हणून आम्ही शिकवितो ते भरतापासून जगन्नाथापर्यंतचे संस्कृत काव्यशास्त्र. त्यात चिनी नाही, जपानी नाही, फारसी नाही. आणि आपल्याच देशातले तमिळ तोल्काप्पियमही नाही.