एकवीस गिनींचा कॅमेरा: कमी पैशांत चित्रीकरण सुरू करणाऱ्यांचा इतिहास

१/ बीड जिल्ह्यातील एखाद्या तरुणाला धारूरच्या किल्ल्यावर व्हिडिओ करावयाचा आहे. घरातील माणसे हंगामात ऊसतोडीला जातात, हाती जमलेले काही हजार रुपये आहेत आणि मनात एकच प्रश्न आहे: कॅमेरा कोणता घ्यावा? हा प्रश्न सव्वाशे वर्षे जुना आहे, आणि महाराष्ट्रात त्याला मिळालेली उत्तरे आजही उपयोगी पडतात. 🧵

२/ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चलचित्रे दाखवली गेली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी इंग्लंडहून २१ गिनींना कॅमेरा मागवला. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. १५ रुपयांना एक पौंड या त्या सुमाराच्या दराने ही रक्कम साधारण ३३० रुपये होते.

३/ १८९९ मध्ये सावेदादांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. विषयाची निवड पाहण्याजोगी आहे. उघडे मैदान, भरपूर ऊन, एका जागी चालणारी झुंज. ना नेपथ्य, ना दिव्यांचा खर्च. चित्रित फिल्म धुण्यासाठी इंग्लंडला पाठवावी लागे. साधनाची मर्यादा ओळखून त्यांनी विषय निवडला होता. शिवाय ते मुळात छायाचित्रकार होते. नजर आधीच तयार होती.

४/ दादासाहेब फाळके यांनी १९११ मध्ये चित्रपट पाहिला आणि थेट मोठा कॅमेरा घेतला, असे घडले नाही. आधी माहितीपत्रके, पुस्तके, एक लहान कॅमेरा आणि काही रिळे यांवर त्यांनी अभ्यास केला. मग विमा पॉलिसी तारण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांचा सल्ला घेतला, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतील काम पाहिले आणि त्यानंतरच खरेदी केली.

५/ ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, म्हणजे सुमारे ७५० रुपये. पण खर्च तेथे संपला नाही. कोडॅकची कच्ची फिल्म मागवावी लागली आणि तिच्या कडांना छिद्रे पाडणारे यंत्रही. अंधाऱ्या खोलीत छिद्रे पाडण्याचे आणि फिल्म धुण्याचे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. कॅमेरा एकदाच घ्यावयाचा होता. फिल्म मात्र प्रत्येक दृश्याला लागत होती.

६/ भांडवलदाराला पटवण्यासाठी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक चौकट टिपली. बियाण्याचा वेल होताना पडद्यावर दिसला. अगदी थोडी फिल्म, एक कुंडी आणि चिकाटी. या लघुपटाने पैसा उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला. त्या वेळी बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते.

७/ कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोघांनी जुना प्रोजेक्टर विकत घेऊन त्याची रचना अभ्यासली. १९१६ मध्ये आनंदराव गेले. तरीही बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने १९१८ पर्यंत स्वतःचा कॅमेरा तयार केला. १९२० मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. यंत्र परवडत नसेल, तर निदान ते आतून समजून घ्यावे, हा कोल्हापूरचा धडा.

८/ शतकाच्या दुसऱ्या टोकाला नाशिक जिल्ह्यातील मालेगाव. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ केला. लग्नसमारंभाला चालणारा व्हिडिओ कॅमेरा आणि संकलनाला व्हीसीआर. पुढील चित्रपटांत सायकल ट्रॉली झाली आणि बैलगाडी क्रेन. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या माहितीपटात हा जुगाड पाहावयास मिळतो.

९/ या चौघांत समान काय? विषय साधनाला शोभेल असा होता. खरेदीपूर्वी शिक्षण झाले होते. आणि कॅमेऱ्याबाहेरचा खर्च त्यांनी ओळखला होता. आज फिल्मचा खर्च नाहीसा झाला आहे, कॅमेरा फोनमध्येच आला आहे. उरलेल्या अडचणी तीन: आवाज, स्थैर्य आणि उजेड. नवख्याचा पैसा याच क्रमाने जावा.

१०/ धारूरच्या तटावर वारा असतो. तेथे फोन बदलून आवाज सुधारत नाही; कॉलर माइक आणि त्यावर फोमची किंवा केसाळ टोपी लागते. असा तारेचा माइक काही शे रुपयांत मिळतो; फोनला कोणती पिन बसते एवढे आधी पाहावे. नंतर साधा ट्रायपॉड. दिवा सर्वांत शेवटी: पाण्याने वेढलेले कंकालेश्वर मंदिर सकाळच्या तिरप्या उन्हात टिपले, तर शिल्पांचा उठाव आपोआप दिसतो. खजाना विहिरीत मात्र आत काळोख आणि वर ऊन असते. तेथे पडद्यावर बोट ठेवून प्रकाश स्थिर करून घ्यावा.

११/ आणि कर्ज? फाळक्यांचे तारण गौरवाने सांगितले जाते, पण त्याची झळ सरस्वतीबाईंना आणि मुलांनाही बसली. ज्या घराचा हंगाम मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर चालतो, तेथे हप्त्यावर घेतलेला कॅमेरा आणखी एक उचल ठरू शकतो. म्हणून अनुकरण तारणाचे नव्हे, वाटाण्याचे करावे. हाती असलेल्या फोनवर एक लहान, पूर्ण काम आधी करून दाखवावे.

१२/ बीडच्या अकराही तालुक्यांत ढासळणाऱ्या गढ्या, बारवा आणि वीरगळ आहेत. चांगला कॅमेरा येईपर्यंत त्या थांबतीलच असे नाही. सावेदादांची ती कुस्ती आज आठवली जाते, कारण हाती होते त्या साधनाने ती वेळेवर टिपली गेली.